सहा मात्रांची नाताळरात्र

या चित्रफितीत सोलापुरातली नाताळची तालीम सुरू आहे. पेटीवाल्याने पांढरी एकची पट्टी धरली असून त्याची बोटे पंचम, धैवत, पंचम, गंधार एवढ्याच स्वरांवर फिरत आहेत. तेवढ्यावरूनच ‘सायलेंट नाइट’ हे नाताळगीत ओळखू येते. आज सर्वत्र गायल्या जाणाऱ्या या चालीत एकही कोमल वा तीव्र स्वर नाही. तबलजी दादऱ्याचा ठेका हलक्या हाताने धरतो आणि सहा मात्रांच्या त्या झोक्यावर अंगाईची लय आपोआप येते. अवघड जागा एकच आहे. शेवटाकडे सूर तार सप्तकातल्या मध्यमापर्यंत चढतो, तेथे हमखास कोणाचा तरी आवाज फाटतो, हशा पिकतो आणि पेटीवाला मान हलवून ती ओळ पुन्हा घ्यायला लावतो.

ऑस्ट्रियातील तरुण धर्मगुरू योझेफ मोर यांनी १८१६ मध्ये या गीताचे शब्द लिहिले. दोन वर्षांनी, २४ डिसेंबर १८१८ रोजी, साल्झबुर्गजवळच्या ओबर्नडॉर्फ गावी त्यांनी ती कविता फ्रान्झ क्सावेर ग्रूबर या शाळामास्तरांच्या हाती दिली आणि दोन आवाज व गिटार यांना साजेल अशी चाल मागितली. चाल त्याच दिवशी झाली आणि त्याच रात्री चर्चमध्ये गायली गेली. पुढे ऑर्गन दुरुस्त करणाऱ्या कारागिराने ती टिरोल प्रांतात नेली, तिथल्या गाणाऱ्या कुटुंबांनी गावोगावी पोहोचवली, आणि या प्रवासात कर्त्यांची नावे इतकी पुसली गेली की ही चाल प्रसिद्ध संगीतकार हायडन यांची असावी असेही लोक म्हणू लागले. अखेर १८५४ मध्ये बर्लिनहून विचारणा झाली, तेव्हा ग्रूबर यांना गाण्याची जन्मकथा स्वतः लिहून द्यावी लागली. मूळची सहा कडवी आज बहुतेक ठिकाणी तीनवर आली आहेत. गाणे मात्र पहिल्यापासून हौशी गळ्यांसाठीच बांधलेले होते, आणि ते टिकण्याचे खरे कारण आमच्या मते हेच आहे.

मराठी ख्रिस्ती घरांत त्याला शेजारही चांगला लाभला. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी उपासनेत अभंग आणि भजनाची वाट रुळवली होती. त्यामुळे टाळ-पेटीवर भजन म्हणणारी मंडळी त्याच बैठकीत ही परदेशी चालही सहज उचलतात. आता पडद्यावर दिसणाऱ्या आजी वही न उघडता दुसरा आवाज धरतात, आणि गिटारवाला नातू त्यांच्या ओठांकडे पाहून स्वरमेळ बदलतो.

अलीकडे काही ठिकाणी तयार ट्रॅक लावून गाणे उरकले जाते, आणि नोकरीसाठी पुण्याला गेलेली मुले तालमीला येऊ शकत नाहीत. या गटाने ट्रॅक नाकारला आहे. मध्यमाची ती ओळ पुन्हा सुरू झाली आहे.