मीठ, करवंटी आणि बॅटरी

(उरणचं मिठागर, सकाळ)
ऊन तापलं की कोंडीतलं पाणी आटतं आणि तळाशी मीठ धरतं. लांब दांडीच्या फळीने ते ओढायचं, कडेला रास घालायची. या राशीतल्या किलोभर मिठात जवळपास चारशे ग्रॅम सोडियम आहे. लिथियमऐवजी सोडियमवर चालणारी, म्हणजे सोडियम-आयन बॅटरी करायची, तर तो थेट तिच्यात जात नाही. मिठाचा आधी सोडा अ‍ॅश, म्हणजे धुण्याचा सोडा होतो. पण सुरुवात इथूनच.

(फोनची उघडलेली बॅटरी)
१९९१ साली सोनीने बाजारात आणलेल्या बॅटरीत लिथियम आणि कोबाल्ट होतं. जगातला बहुतेक कोबाल्ट आजही काँगोच्या खाणींतून येतो. तिथे लहान मुलंही राबतात.

(करवंट्या, मग भट्टी)
सोडियमची अडचण वेगळी. लिथियमच्या बॅटरीत एका बाजूला ग्राफाइट, म्हणजे पेन्सिलीतला कार्बन असतो. त्याच्या पापुद्र्यांमध्ये लिथियम मावतो, सोडियमला तिथे थारा मिळत नाही. २००० साली कॅनडातल्या स्टीव्हन्स आणि डान या संशोधकांनी दाखवलं, की ग्लुकोज भाजून केलेल्या वेड्यावाकड्या रचनेच्या कार्बनमध्ये तो राहतो. हाच हार्ड कार्बन. करवंटीपासूनही होतो, म्हणजे कोकणात कच्च्या मालाची ददात नाही! फक्त भाजताना हवा लागू द्यायची नाही, नाहीतर हाती राखच येईल. हजार अंशांच्या वर भाजायचं, दळायचं, चाळायचं. रांगोळीहून बारीक झालेली ही काळी पूड चिकट द्रावात कालवून पत्र्यावर सारवतात.

पत्रा नीट पाहा : अ‍ॅल्युमिनियमचा आहे. लिथियमच्या बॅटरीत या बाजूला महागडं तांबं घालावं लागतं, कारण लिथियम अ‍ॅल्युमिनियममध्ये मिसळून त्याला पोखरतो. सोडियम त्याच्या वाटेला जात नाही.

(निळी पूड, काचेच्या भांड्यात)
हा प्रशियन ब्लू. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये सापडलेला, चित्रकारांचा आवडता रंग. लोखंड, कार्बन, नायट्रोजन. कोबाल्टचा कणही नाही. याच कुळातले पदार्थ बॅटरीची दुसरी बाजू सांभाळतात.

सोडियमचा अणू लिथियमच्या तिपटीहून जड, त्यामुळे तेवढ्याच विजेसाठी बॅटरीचं वजन वाढतं. घरच्या सौरविजेच्या साठवणीला त्याचं काय?

(पुणे, रस्ता)
डिसेंबर २०२३मध्ये पुण्याच्या केपीआयटी कंपनीने सोडियम-आयन तंत्रज्ञान जाहीर केलं. सोबत आयसर पुणे ही विज्ञान संस्था.

(चाचणीचं कपाट, हिरवे दिवे)
बटणाएवढे सेल. भरायचे, रिकामे करायचे, पुन्हा भरायचे. हजारो फेऱ्या. रात्री प्रयोगशाळेला कुलूप लागतं, हे दिवे चालूच असतात.