गच्चीवरचा सोलर आणि कराची सवलत

(दृश्य : गच्च्या, वरून)

पुण्यातली पंधरा-वीस वर्षं जुनी कुठलीही मोठी सोसायटी घ्या, गच्चीवर काळ्या नळ्यांची रांग आणि त्यांच्या डोक्यावर आडवी टाकी, म्हणजे उन्हावर पाणी तापवणारा सोलर, बहुधा सापडेलच. सोलर लावा, गांडूळखत करा किंवा पावसाचं पाणी जिरवा. निवासी मिळकतींना पुणे महापालिका मिळकतकरात सवलत देते. यातला एक प्रकल्प असेल तर ५ टक्के, दोन किंवा अधिक असतील तर १० टक्के. फक्त प्रकल्प चालू हवा. घोडं अडतं ते इथेच.

(दृश्य : नळीचं खालचं टोक, अगदी जवळून)

५८ मिलिमीटर व्यासाची ही नळी. काच दुहेरी, मधल्या पोकळीत हवा नाही. टोकाशी आरशासारखा चंदेरी लेप दिसतोय ना? पोकळीत हवा शिरली की तो पांढराफट्ट पडतो. ही शेजारची बघा. तडा नाही, गळती नाही, पण दिवसभर धरलेली उष्णता हिच्यातून निसटून जाते. हे ओळखायला ना मीटर लागतो ना मेकॅनिक, नुसतं वाकून बघायचं. तेवढं मात्र कुणी करत नाही.

(दृश्य : नळी उपसताना, आतला थर)

हा क्षारांचा थर. बोअरचं किंवा टँकरचं पाणी चढवणाऱ्या सोसायट्यांमध्ये तो हमखास सापडतो. नळीच्या तळाशी साका बसतो, पाण्याचं वर-खाली फिरणं मंदावतं आणि टाकी कोमटच राहते. नळ्या काढून धुवायच्या त्या उन्हं चढायच्या आधी. तापलेल्या रिकाम्या नळीत गार पाणी सोडलं, की ती तिथल्या तिथे फुटते. पाणी फारच जड, म्हणजे क्षारांचं असेल, तर नळ्यांऐवजी हीट एक्स्चेंजरवाला (वापराचं पाणी पॅनेलमध्ये न फिरवता त्याला नुसती उष्णता देणारा) सपाट पॅनेल बरा.

(दृश्य : टाकीवरचा उभा पाइप, तोंडाला बूच)

हा व्हेंट पाइप, टाकीतली वाफ बाहेर सोडणारा आणि हवा आत घेणारा. त्याचं तोंड थंड पाण्याच्या टाकीतल्या पातळीपेक्षा वर आणि कायम उघडं हवं. इथे ते कमी उंचीवर होतं, पाणी ठिबकायला लागलं आणि कुणीतरी बूच मारलं. आता वाफेला वाट नाही. पाणी उपसताना हवा आत येत नाही, तेव्हा टाकी चेपते ती वेगळीच.

(दृश्य : बाथरूमचा मिक्सर)

तक्रार गच्चीवरची, पण चोर बाथरूममध्ये. मिक्सरचे दोन्ही कॉक उघडे आणि पुढचा हँडशॉवर बंद ठेवला, की थंड पाणी दाबानं गरम लाइनीत शिरतं. एका फ्लॅटमुळे अख्ख्या विंगला गार पाणी! उपाय म्हणजे प्रत्येक फ्लॅटच्या गरम लाइनीवर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी एकाच दिशेनं जाऊ देणारी झडप, आणि तो त्यावरचा बाण बघून बसवायचा.

(दृश्य : पॅनेलबोर्ड, लाल दिवा)

टाकीतल्या हीटरचा हा दिवा. १०० लिटर पाणी २५ अंशांवरून ६० वर न्यायला साधारण ४ युनिट वीज लागते. हेच काम उन्हानं करायचं. पण हीटर रात्रभर थर्मोस्टॅटवर (पाणी निवलं की आपोआप चालू होणाऱ्या बटणावर) सोडला, तर सकाळी टाकी आधीच तापलेली असते आणि उन्हाला कामच उरत नाही. टायमर लावून तो पहाटेच, तेही ढगाळ दिवसांपुरता चालवायचा. सामायिक वीजबिल का वाढलं, यावर सभेत तासभर वाद घालण्यापेक्षा हा टायमर स्वस्त पडतो.

(दृश्य : गच्चीवरची पाहणी)

महापालिकेची माणसं पाहणीला येतात. प्रकल्प बंद सापडला, तर सवलत जाते.

(दृश्य : नवी नळी, बॉक्समधून काढताना)

नवी नळी आणताना जुनीची लांबी आणि व्यास मोजून न्या. रबरी रिंग नवीन घ्या, साबणाच्या पाण्यानं ओली करा, मग नळी फिरवत फिरवत टाकीत सरकवा. जोर लावला की रिंग दुमडते आणि दुसऱ्या दिवशी गच्ची ओली.