‘आम्ही केलं’ म्हणजे नक्की कोणी? एमबीएच्या फॉर्ममध्ये आणि मुलाखतीत उठून कसं दिसायचं

नमस्कार मंडळी. कॅटचा, म्हणजे एमबीएच्या प्रवेशपरीक्षेचा, निकाल लागलाय, मुलाखतीचे कॉल यायला लागलेत, आणि मला एकच प्रश्न वेगवेगळ्या वेषात येतोय. ‘ताई, माझ्या प्रोफाइलमध्ये वेगळं काहीच नाही. इंजिनियर, मुलगा, ओपन कॅटेगरी, हिंजवडीत आयटी. माझ्यासारखे हजारो असतील.’ हजारो? अरे, सकाळी नऊला वाकडच्या पुलापाशी अडकलेली एक कंपनीची बस घे, त्यातच चाळीस निघतील.

दुसरी कमेंट, गेल्या तिन्ही व्हिडिओंखाली आलेली: ‘ताई, तुमच्या मागचं झाड वाळतंय.’ दिसलं मला. त्याच्याकडे येऊ नंतर.

आधी प्राथमिक गोष्टी, भराभर. कॅटमध्ये तीन विभाग, प्रत्येकी 40 मिनिटं. हा स्कोअर दार उघडतो, पुढे लेखी परीक्षा आणि मुलाखत. आयआयएम अहमदाबाद कॉल देताना दहावी, बारावी, पदवी, सगळ्यांचे गुण बघते. काही आयआयएम मुलींना आणि बिगर-इंजिनियरांना जास्तीचे गुण देतात. सिम्बायोसिसच्या कॉलेजांसाठी स्नॅप ही वेगळी परीक्षा, 60 मिनिटांत 60 प्रश्न. जमशेदपूरच्या एक्सएलआरआयसाठी झॅट. आयएसबी, म्हणजे इंडियन स्कूल ऑफ बिझनेससाठी जीमॅट किंवा जीआरई या परीक्षा, शिवाय निबंध. आणि ज्यांना फक्त एमएएच-सीईटी या राज्याच्या परीक्षेवरून, कॅप राउंड म्हणजे केंद्रीय प्रवेशफेरीतून, मुंबईचं जमनालाल बजाज किंवा आपल्या पुणे विद्यापीठातलं पुम्बा हवंय, त्यांनी हा व्हिडिओ बंद करून गणितं सोडवायला बसावं. तिथे मुलाखत नसते. 150 मिनिटं, 200 प्रश्न, तुम्ही आणि घड्याळ. तुमची ढोल वाजवण्याची आवड तिथे कोणी विचारणार नाही.

‘दहावीला 74 टक्के आहेत, संपलं का?’ नाही संपलं, आणि बदलताही येत नाही. पुढे.

आता मी जरा चिडणार आहे. ‘ताई, एनजीओचं सर्टिफिकेट कुठे लवकर मिळेल?’ ही कमेंट गेल्या आठवड्यात नऊ जणांनी केली. एक रविवार टेकडीवर झाड लावायचं, फोटो काढायचा आणि फॉर्मवर लिहायचं ‘पर्यावरणासाठी कार्यरत’. मुलाखत घेणाऱ्या पॅनेलवरची माणसं वर्षानुवर्षं हेच वाचत आलेली आहेत. त्यांनी फक्त एवढं विचारायचं, ‘कुठलं झाड लावलं?’ माझ्याकडे सरावाला आलेला एक जण या प्रश्नावर ‘हिरवं’ म्हणाला. शपथ. मी हसले, मग त्याला चहा दिला.

उठून दिसण्यासाठी नवीन काही करायची गरज बहुतेकांना नसतेच. जे केलंय ते तुम्ही असं सांगता की त्यात तुम्हीच सापडत नाही. आज मला एवढंच सांगायचंय आणि तेच मी तीनदा सांगणार आहे, कारण एकदा सांगून आजवर कोणाच्या डोक्यात शिरलेलं नाही.

शाळेत मराठीच्या बाई वाक्य देऊन काय विचारायच्या? कर्ता कोण? बस. फॉर्म काढा आणि प्रत्येक वाक्याला विचारा, कर्ता कोण? महानगरपालिकेची सूचना आठवा. ‘गुरुवारी पाणीपुरवठा बंद ठेवण्यात येईल.’ कोण ठेवणार? माहीत नाही. ठेवण्यात येईल. तुमचे निबंध असेच असतात. प्रोजेक्ट राबवण्यात आला, खर्च कमी करण्यात आला. इंग्रजीत तर लपायला आणखी जागा. ‘आय वॉज पार्ट ऑफ’, ‘आय वॉज इन्व्हॉल्व्हड इन’. म्हणजे खोलीत होतात, एवढंच कळलं. लग्नाला आलेला माणूसही इन्व्हॉल्व्हड असतो.

यात आपल्या घरांचाही हात आहे. ‘मी मी करू नये’ हे आपल्याला पोळीबरोबर भरवलेलं असतं. माझी आई गणपतीचे एकवीस मोदक एकटी वळते आणि पाहुण्यांना सांगते, ‘केले आपले घरच्या घरी.’ कोणी केले? घराने? आईला शोभतं ते. पण पॅनेलसमोर तुम्हाला वीस मिनिटं मिळणार, त्यातली अठरा ‘आम्ही’मध्ये गेली तर त्यांनी प्रवेश कोणाला द्यायचा, अख्ख्या टीमला?

माझं स्वतःचं सांगते. एमबीएसाठी अर्ज केले त्या पहिल्या वर्षी मुंबईत एका मोठ्या संस्थेची मुलाखत होती. मी तेव्हा एका पगाराच्या सॉफ्टवेअरच्या टेस्टिंग टीममध्ये होते. पाठ करून गेले होते, धडाधड सुरू झाले. वुई ऑटोमेटेड, वुई रिड्यूस्ड, वुई डिलिव्हर्ड. कोपऱ्यातल्या एका सरांनी चष्मा काढला आणि विचारलं, ‘त्या महिन्यात तुम्ही रजेवर असता तर काय अडलं असतं?’

मी गप्प. मग मीच म्हणाले, ‘दुसऱ्या कोणीतरी केलं असतं.’ तिथेच विषय संपला, माझाही.

गंमत म्हणजे सांगण्यासारखं माझ्याकडे होतं. एका शुक्रवारी संध्याकाळी मी रिलीजवर, म्हणजे सॉफ्टवेअर बाहेर पाठवायला, सही करायला नकार दिला होता, कारण थकबाकीच्या हिशेबात काही लोकांचे पैसे कमी येत होते. मॅनेजर दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. सोमवारी दुरुस्ती करूनच ते बाहेर गेलं. हे मला आठवलं कधी? परतताना, कर्जतला गाडीला मागून इंजिनं जोडत होते आणि मी वडा खात होते तेव्हा. तो वडा घशाखाली उतरेना. कर्जतचा वडा! त्या वर्षी माझं कुठेच झालं नाही.

म्हणून दुसऱ्या बाजूने तेच: स्वतःला त्या गोष्टीतून काढून बघा. तुम्ही नसतात तर काय झालं नसतं, किंवा वेगळं झालं असतं? उत्तर ‘काहीच नाही’ असेल तर ती गोष्ट कितीही मोठी असो, फॉर्ममधून काढा. कोटींचा प्रोजेक्ट, परदेशी क्लायंट, काढा. थकबाकीचा माझा किस्सा त्यापुढे चिल्लर वाटतो ना? पण त्यात मी आहे.

तिसरी बाजू ढोलाची. पुण्यातल्या दर तिसऱ्या मुलाच्या फॉर्मवर ढोल-ताशा पथक असतं आणि पुढे तेच तीन शब्द: लीडरशिप, टीमवर्क, टाइम मॅनेजमेंट. टाइम मॅनेजमेंट! विसर्जन मिरवणूक 24 तासांच्या वर चालते, राजा, कुठलं मॅनेजमेंट?

तर असाच एक मुलगा माझ्याकडे आला. मी म्हटलं, सांग. ‘आम्ही नदीपात्रात सराव करतो, आम्ही मिरवणुकीत वाजवतो.’ तू काय करतोस? ‘ढोल वाजवतो.’ अजून? ‘दोऱ्या ओढतो, ढोलाचं पान फाटलं तर बदलतो.’ अजून? वीस मिनिटं मी त्याला सोलत होते. तो वैतागला. मग सहज म्हणाला, ‘एका वर्षी जरा भांडण झालं होतं.’

मी सरसावून बसले.

झालं असं की त्या वर्षी नवीन मुलं भरपूर आली होती आणि ढोल कमी. नवी मुलं मागे नुसती उभी राहायची, दुसऱ्या आठवड्यात गळायची. याने सुचवलं की सरावाच्या दोन तुकड्या करू. जुने लोक भडकले. पथक एकत्र उभं राहिलं पाहिजे, तीच तर मजा. याने पंधरा दिवसांची मुदत मागून घेतली. नवी मुलं टिकली. पण ताशेवाल्यांना दोन्ही वेळा यावं लागलं, ते कातावले आणि एक चांगला ताशेवाला पथक सोडून गेला. याला अजून त्याचं वाईट वाटतं.

कळलं का? सुचवलं कोणी, विरोध कोणाचा होता, किंमत काय पडली, सगळं आहे. तीन शब्द न वापरता तिन्ही आले. आणि ताशेवाला गेला हे लपवायचं नाही. पॅनेल तिथेच पुढे झुकून बसतं, कारण आता खरं बोलणं सुरू झालं. ‘मग आज काय वेगळं केलं असतंस?’ हा प्रश्न हमखास येणार, आणि त्याचं उत्तर तुमच्याकडेच असतं, ते कुठल्या क्लासच्या नोट्समध्ये मिळत नाही.

आता लगेच कमेंट येईल, ‘म्हणजे सगळं श्रेय स्वतः घ्यायचं का?’ नाही हो. उलटं टोकही मी पाहिलंय. एकाने लिहिलं, ‘मी बारा जणांची टीम सांभाळली.’ सांभाळली म्हणजे काय केलं? तर रोज सकाळी कोण काय करतंय ते एक्सेलमध्ये भरायचा. मग तेच सांग ना! त्या एक्सेलमधून तुला काही दिसलं का, ते तू कोणाला दाखवलंस का? दिसलं होतं त्याला. दोन माणसं एकच काम करत होती. पण तो तिथे पोचायच्या आधीच ‘सांभाळली’वर अडकला.

शिफारसपत्रालाही हाच नियम. आयएसबीला किंवा परदेशात अर्ज करत असाल तर मोठ्या हुद्द्याच्या साहेबामागे धावू नका. त्याला तुमचं आडनावसुद्धा धड आठवत नसतं. ज्याच्याशी तुमचं एकदा वाजलंय आणि नंतर ज्याने मान्य केलंय की तुमचं बरोबर होतं, त्याला विचारा. माझ्या दुसऱ्या वर्षीच्या अर्जाला पत्र कोणी दिलं? त्याच मॅनेजरने, जो दोन दिवस बोलला नव्हता.

‘ताई, इंग्रजी कच्चं आहे.’ हा प्रश्न मी टाळणार नाही, मुलाखत इंग्रजीतच होते. माझा उपाय असा की किस्सा आधी मराठीत सांगायचा, आजीला नाहीतर शेजारच्या काकूंना. त्यांनी मध्येच ‘मग तू काय म्हणालास?’ असं विचारलं तर तुम्ही योग्य ठिकाणी आहात. त्या जांभई द्यायला लागल्या तर किस्सा बदला. मग छोट्या वाक्यांत इंग्रजी करा. कर्ता, क्रियापद, पूर्णविराम. व्याकरण थोडं चुकलं तर चालतं. कर्ताच गायब असेल तर त्याला माझ्याकडे औषध नाही.

तर खाली कमेंटमध्ये एकच वाक्य लिहा. त्यात ‘आम्ही’ नको, ‘ण्यात आलं’ नको. पुढच्या रविवारी त्यातली दहा मी इथे सोलणार आहे, रागावायचं नाही.

आणि हो, ते झाड. त्याचं काय झालं की गेले दोन आठवडे शूटिंगच्या गडबडीत पाणी घालायचं राहून गे...

(थांबते. मागे वळून झाडाकडे बघते.)

मी पाणी घातलं नाही.