उत्तराआधीचे अकरा सेकंद

[दृश्य: पॉडकास्टच्या मुलाखतीची खोली. टेबलावर दोन माईक. ध्वनिमुद्रक त्यांची उंची आणि कोन बसवतो आहे.]

माईक तोंडापासून वीतभर अंतरावर आणि किंचित तिरपा. 'प', 'फ', 'भ' म्हणताना सुटणारी हवा मग थेट त्याच्यावर आदळत नाही. एकाच बाजूचं ऐकणाऱ्या माईकचा एक गुण आहे. बोलणारा जितका जवळ येतो, तितका आवाजातला खर्ज वाढतो. त्यामुळे एरवी सभागृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवणाऱ्या माणसालाही इथे अगदी हळू बोलता येतं. आणि हळू बोलणारा माणूस भाषण करत नाही.

[दृश्य: पाहुणे मनगटावरचं घड्याळ काढतात. पंखा बंद होतो. सगळे स्तब्ध.]

घड्याळ टेबलाला लागलं तर ठक्क आवाज येतो, म्हणून ते बाजूला ठेवलं आहे. फोन बाहेरच राहिले. आता अर्धा मिनिट कुणी काही बोलणार नाही, कारण खोलीचा स्वतःचा आवाज टिपला जातो आहे. संकलनात दोन वाक्यांमधली जागा सांधायला तो लागतो. ध्वनीच नसलेली जागा कानाला लगेच खटकते.

[दृश्य: मुलाखतकारांच्या हातातला कागद. पेन्सिलीने लिहिलेले प्रश्न, काही खोडलेले.]

उद्योग, नेतृत्व आणि चांगलं जगणं या विषयांवरच्या पॉडकास्टमध्ये हमखास विचारला जाणारा प्रश्न या कागदावर नाही. 'तुमच्या यशाचं रहस्य काय?' हा तो प्रश्न. तो वगळला आहे, कारण त्याचं उत्तर पाहुण्यांकडे तयार असतं. पहिल्या ग्राहकाचा किस्सा, त्यावर हशा, मग त्यातून मिळालेला धडा. हे उत्तर खोटं नसतं. पण शंभरदा सांगून त्याच्या कडा झिजलेल्या असतात.

आमच्या मुलाखतकार बाजूच्या दाराने आत शिरतात. 'निर्णय कसे घेता?' असं विचारलं, की तत्त्वं ऐकायला मिळतात. 'तो निर्णय घेतला तेव्हा खोलीत कोण कोण होतं?' असं विचारलं, की समोरचा माणूस क्षणभर वर बघतो आणि आठवू लागतो. साक्षीदारांना जास्त आणि नेमकं आठवावं म्हणून रोनाल्ड फिशर आणि एडवर्ड गाइझलमन या मानसशास्त्रज्ञांनी १९८० च्या दशकात मुलाखतीची एक पद्धत बांधली. तिचा एक मुख्य भाग हाच आहे. आधी प्रसंग मनात पुन्हा उभा करायला सांगायचं. जागा कोणती, आजूबाजूला काय होतं, मनाची अवस्था काय होती. घटना त्यानंतर विचारायची.

[दृश्य: कागदावर अधोरेखित केलेली एक ओळ. कॅमेरा तिच्यावर स्थिर.]

'मध्यरात्री घाबरून जाग आली, तर फोन कुणाला कराल?'

चांगलं जगणं म्हणजे काय, हे विचारायचा याहून सरळ मार्ग आम्हाला माहीत नाही. हार्वर्डमध्ये १९३८ साली सुरू झालेल्या आणि अजूनही चालू असलेल्या अभ्यासाने सुरुवातीच्या ७२४ पुरुषांची आयुष्यं अनेक दशकं न्याहाळली. त्यांनाही या धर्तीचा प्रश्न विचारला गेला होता. उतारवयात कोण अधिक समाधानी आणि निरोगी राहिलं, याचा जवळच्या नात्यांच्या ओलाव्याशी घट्ट संबंध दिसला. हे निष्कर्ष आज पॉडकास्टवर सतत सांगितले जातात. ते हाती आले, कारण त्याच माणसांकडे वर्षानुवर्षं कुणीतरी जात राहिलं, विचारत राहिलं आणि उत्तर संपेपर्यंत बसून राहिलं.

[दृश्य: ध्वनिमुद्रण सुरू. मुलाखतकारांचा चेहरा, जवळून. दीर्घ शॉट.]

या शॉटमध्ये त्या बोलत नाहीत. फक्त ऐकतात. आमच्या मते मुलाखतीतलं सगळ्यात अवघड काम हेच आहे.

रोजच्या गप्पांमध्ये एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू व्हायला फारच थोडा वेळ लागतो. भाषा-संशोधक तान्या स्टिव्हर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये १० भाषांमधली प्रश्नोत्तरं मोजली. सरासरी अंतर निघालं साधारण २०० मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा पाचवा भाग. त्यापलीकडे शांतता लांबली की आपण अस्वस्थ होतो. प्रश्न पुन्हा विचारतो, सोपा करून देतो, कधी उत्तरही आपणच पुरवतो. शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांना शाळेच्या वर्गांमध्ये हेच दिसलं होतं. प्रश्न विचारल्यावर शिक्षक जेमतेम एक सेकंद थांबत. हे थांबणं तीन सेकंदांवर गेलं, तेव्हा मुलांची उत्तरं लांबली, त्यांत कारणं येऊ लागली आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलू लागली.

तीन सेकंद. लक्षात ठेवा आणि आता पुढचं बघा.

[दृश्य: मुलाखतकार विचारतात, "सर, पहिल्यांदा माणसं कमी करावी लागली, त्या संध्याकाळी घरी जाऊन काय केलंत?" पाहुण्यांचे हात. मूळ आवाज. निवेदन नाही. शांतता आणि त्यानंतरचं उत्तर न कापता, पूर्ण.]

[दृश्य: संकलकाचा पडदा. दोन रांगा: वर मुलाखतकार, खाली पाहुणे.]

दोघांचा आवाज वेगवेगळ्या रांगेत येतो. एकाचा खोकला दुसऱ्याच्या वाक्यावर आला, तरी तो वेगळा काढता येतो. जिथे कुणी बोलतं तिथे रेघ फुगते, थांबलं की बारीक होते. अनुभवी संकलक न ऐकताही ओळखतो, की इथे हशा आहे आणि इथे पाहुणे पाठ केलेलं बोलत आहेत. पाठ केलेल्या बोलण्यातले उंचवटे एकसारखे येतात.

आणि ही सपाट रेघ. उत्तराआधीचे अकरा सेकंद.

शांतता शोधून आपोआप कापणारी सोय आता बहुतेक संकलन-प्रणालींमध्ये आहे. एक बटण दाबलं, की सगळे 'अं', सगळे श्वास, सगळे थांबे जातात. बोलणं चटपटीत होतं आणि भाग बराच आखूड होतो. तेच उत्तर मग प्रश्न संपताच येतं. ऐकणाऱ्याला वाटतं, या माणसाला हे आधीपासून ठाऊकच होतं. नेतृत्वाविषयी ऐकणाऱ्या तरुण माणसाची याहून मोठी दिशाभूल कोणती? ज्याला तो खंबीर समजतो आहे, तो माणूस प्रत्यक्षात अकरा सेकंद शब्द शोधत होता.

[दृश्य: संकलकाचा कर्सर सपाट रेघेवर. तो पुढे सरकतो. रेघ तशीच.]

कापलं नाही.

खोकले काढले. एक चुकलेलं साल पाहुण्यांनी नंतर दुरुस्त केलं होतं, तिथे योग्य वाक्य ठेवलं. आवाजाची एकूण पातळी उणे १६ एलयूएफएसच्या (आवाज कानाला किती मोठा वाटतो हे मोजायचं एकक) आसपास आणली, म्हणजे ऐकणाऱ्याला भाग बदलताना आवाज कमीजास्त करावा लागत नाही.

[दृश्य: उभ्या चौकटीतली छोटी क्लिप. मोठ्या अक्षरांत एक वाक्य.]

क्लिपही निघते. लोक भागापर्यंत तिच्यामुळेच पोचतात, आणि बरेच जण तिथूनच परत जातात. वाक्य त्यांच्या हाती येतं. त्यामागची संध्याकाळ येत नाही.

ज्यांची नोकरी गेली, त्यांच्यापैकी कुणी या खोलीत नाही. बंद पडलेल्या धंद्यांचे मालकही माईकसमोर क्वचितच येतात. अमेरिकेच्या सरकारी आकडेवारीत नवे व्यवसाय साधारण निम्मे पाचव्या वर्षापर्यंत बंद झालेले दिसतात.

[दृश्य: अपलोड पट्टी भरते आहे. भागाचं शीर्षक टाइप होतं, खोडलं जातं, पुन्हा टाइप होतं.]

रेडिओवर मुलाखतीला वेळेची चौकट असते, बातम्यांची वेळ झाली की थांबावंच लागतं. पॉडकास्टला ती चौकट नाही, आणि यामागे एक साधी तांत्रिक व्यवस्था आहे. आरएसएस फीड म्हणजे नवं काय आलं ते ॲपला आपोआप कळवणारी यादी. सॉफ्टवेअर बनवणारे डेव्ह वायनर यांनी २००० च्या अखेरीस तिच्यात ध्वनिफीत जोडण्याची सोय केली. २००३ मध्ये रेडिओ पत्रकार ख्रिस्टोफर लायडन यांच्या लांब मुलाखती त्या वाटेने गेल्या. जून २००५ मध्ये ॲपलने आयट्यून्समध्ये पॉडकास्ट आणले. पण फीड कुणा एकाच्या मालकीचं झालं नाही. फीडमध्ये जोडलेली फाइल ते वाचणाऱ्या कुठल्याही ॲपवर उतरते, आणि ती किती मिनिटांची असावी अशी अट फीडमध्ये कुठेच नाही.

हा भाग १ तास ५२ मिनिटांचा आहे. थांब्यांसकट.

[दृश्य: मुलाखतकार नवा कागद घेतात. पेन्सिलीने पहिला प्रश्न लिहितात.]

पुढच्या भागासाठी ज्यांना बोलावलं आहे, त्यांनी स्वतःची कंपनी गेल्या वर्षी बंद केली. पहिला प्रश्न असा आहे: "मॅडम, शेवटच्या दिवशी दाराला कुलूप कुणी लावलं?"