आजीची वही आणि आजीची वाटी

नव्वदीच्या आजी झोपेतच गेल्या की भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणतो, "मरणाचं सोनं झालं." कोणाकडून काही करून घेतलं नाही, शेवटपर्यंत एकादशी चुकवली नाही. मृत्यूची नोंद महापालिकेत 21 दिवसांत करा, दहावं पुण्यातच ओंकारेश्वराला करायचं की आळंदीला, हे सांगणारेही चार जण भेटतात. आजींची ट्रंक, देवघर आणि फडताळ तेराव्यापर्यंत आहे तसं राहू द्या, हे मात्र कोणी सांगत नाही. आजचं बोलणं तेवढ्यापुरतंच.

तेरावं झालं की नागपूर-मुंबईच्या मंडळींना गाडी गाठायची असते, म्हणून वाटणी घाईत उरकते. साड्या, भांडी, चांदीचे टाक ज्याच्या त्याच्या पिशवीत जातात. पोथ्या कोणालाच नको असतात, त्या निर्माल्य कलशात. खरं तर मुली, सुना, नणंदा, भाच्या सगळ्या एका छपराखाली पुन्हा कधी बसणार? विचारायचं ते याच दिवसांत विचारून घ्यावं.

सुरुवात देवघरापासून. सुतकात घरच्यांची पूजा बंद असते, त्यामुळे मांडणी अजून त्यांच्याच हातची असते. आधी समोरून पूर्ण फोटो, मग एकेका मूर्तीचा. अन्नपूर्णा कोणाच्या माहेरून आली, टाक कोणत्या कुलदैवताचा, शेजारचा शाळिग्राम कोणी दिला, हे वडीलधाऱ्यांकडून लगेच लिहून घ्या. आणि कृपा करून त्या दिवसांत टाक घासायला काढू नका. पातळ पत्र्यावर उठवलेले चेहरे असतात. राखेने, पावडरीने घासून आधीच निम्मे पुसट झालेले असतात.

पोथ्या झटकू नका. बांधलेला रुमाल सोडा आणि पान-पान उलटा. आत वाळलेलं फूल निघेल, वाणसामानाची यादी निघेल, बसचं तिकीट निघेल. ते कोणत्या पानात होतं त्याचा फोटो काढा, मगच बाजूला ठेवा. तिकिटावर पीएमटी, म्हणजे पुण्याची जुनी शहर बससेवा, असेल, तर ते बहुतेक 2007 च्या आधीचं, कारण त्या वर्षी पीएमटी आणि पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी मिळून पीएमपीएमएल झाली. हिशेबात आणे आणि पै असतील, तर ते पान बहुधा 1957 च्या आगेमागे किंवा त्याहून जुनं. पत्रावर पिनकोड नसेल, तर ते 1972 च्या आधीचं असू शकतं. पुण्यात नदीकाठच्या पेठांतल्या घरांत कधी कधी कागदांवर तपकिरी गाळाची रेघ दिसते. 12 जुलै 1961 ला पानशेतचं धरण फुटलं, त्या पुराची ती असू शकते. ती धुवायला जाऊ नका. शाईच्या पेनचं अक्षर ओल्या फडक्याने क्षणात पसरतं.

वही फाटली असेल तर सेलोटेप नको. त्याचा गोंद काही वर्षांत पिवळा पडून कागदात मुरतो. लॅमिनेशन तर त्याहून वाईट, ते परत सोडवताच येत नाही. गंजलेल्या टाचण्या हलक्या हाताने काढा. पानं 300 डीपीआयला स्कॅन करा, जुने फोटो 600 ला. पोथ्या उन्हात वाळवू नका. सावलीत वारं द्या, कापडात बांधा आणि पावसाळ्यात कसर लागली का ते बघत राहा. प्लॅस्टिकच्या बंद पिशवीत दमटपणा कोंडून बुरशी धरते.

आता स्वयंपाकघर. वहीत लिहिलेलं असतं, "दोन वाट्या डाळ, दीड वाटी गूळ." कोणती वाटी? ती पितळी वाटी एखाद्या नातीकडे जाते आणि इकडे पुरण दरवर्षी सैल होतं. म्हणून वाटी काठोकाठ पाण्याने भरून ते पाणी स्वयंपाकाच्या काट्यावर तोला. 180 ग्रॅम पाणी भरलं तर वाटी 180 मिलिलिटरची. तो आकडा वहीच्या स्कॅनबरोबर लिहून ठेवा. चिपटं, मापटं, मिठाचा चमचा, सगळ्यांना हाच हिशेब.

सगळ्यात आधी हरवतो तो आवाज. आजींचा फोन पुसून नातवाच्या हाती देऊ नका. आधी व्हॉइस नोट्स बाहेर काढा. त्यांच्या चालीवर आरती, भूपाळी, जात्यावरची ओवी म्हणणारी एखादी जाऊ किंवा नणंद अजून असते. पंखा बंद करा, फोन हातभर अंतरावर ठेवा आणि आधी म्हणणारीचं नाव, माहेरचं गाव, तारीख बोलून घ्या. गाय प्वातवाँ आणि हेमा राईरकर या अभ्यासकांनी पुण्यातून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्यातल्या ओव्यांसोबत बाईचं नाव आणि गाव आहे, म्हणून त्या आज कोणाच्या आहेत ते सांगता येतं. नुसता "आजीची ओवी" असा सूर पन्नास वर्षांनी कोणाचाच राहत नाही.

शोकसभेत "प्रेमळ, धार्मिक, सर्वांना सांभाळून घेणाऱ्या" हे शब्द कोणालाही बसतात. त्याऐवजी दासबोधाच्या 200 समासांपैकी खूण कुठे होती, ते सांगा. पहाटे कोणता अभंग, तुळशीला पाणी कोणत्या तांब्याने, ते सांगा.

वाटणी त्यानंतर खुशाल करा. स्कॅनच्या तीन प्रती तीन घरांत ठेवा. व्हॉट्सअॅपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर फोटो लहान होऊन अक्षर फुटतं. आणि अन्नपूर्णा कोणाकडे, वाटी कोणाकडे, वही कोणाकडे, ही यादी निघण्याआधी सगळ्यांसमोर वाचून दाखवा.