डग्गा उजवीकडे कधीपासून?

मंडळी, ब्रिटनमधील संगीत-नियतकालिके मुखपृष्ठावरून आपापला वाचक कसा हेरतात, हा आज जाहीर झालेला विषय आहे आणि मी त्याकडे येणारच आहे. परंतु माझ्या एका चुकीची हकिगत सांगितल्यावाचून मला पुढे सरकता येत नाही. ज्यांनी ती पूर्वी ऐकली आहे, त्यांनी कृपा करून शेवट फोडू नये.

ऑफसेट छपाईसाठी निगेटिव्ह काढाव्या लागत, त्या काळात मी शास्त्रीय संगीताला वाहिलेल्या एका लहानशा मासिकाची मुखपृष्ठे करीत असे. एका अंकासाठी तबलावादकाचे सुरेख कृष्णधवल छायाचित्र मिळाले. मात्र त्यात वादक अंकाच्या बांधणीकडे पाहत होता. मुखपृष्ठावरचा माणूस पान जिकडून उघडते तिकडे पाहणारा हवा, ही आम्हा मांडणीकारांची जुनी खोड. मी निगेटिव्ह उलटी लावायला सांगितली, प्रूफ पाहिले, स्वतःवरच खूश झालो आणि सही ठोकली. अंक बाहेर पडल्यावर आठवड्याभरात पत्रांची रीघ लागली, कारण डग्गा उजव्या हाताखाली आणि तबला डाव्या हाताखाली गेला होता. एका पोस्टकार्डावर तर मजकूरच नव्हता. एक मोठे वर्तुळ, एक लहान वर्तुळ, त्यांच्यामध्ये दोन्हीकडे टोके असलेला बाण आणि खाली सही. एक वयोवृद्ध श्रोते कचेरीत आले, चपला दाराशी काढून खुर्चीवर बसले आणि अतिशय मृदू आवाजात म्हणाले, "डग्गा उजवीकडे कधीपासून?" डावखुरे वादकही असतात, हा माझा बचाव त्यांनी शांतपणे ऐकून घेतला. मग म्हणाले, "असतात. हे नाहीत. मी यांना तीस वर्षे पुढच्या रांगेत बसून ऐकतो आहे."

संपादकांनी पुढील अंकात दिलगिरी छापली, तीही माझ्या नावासकट, आणि ते मला आजही थोडे टोचते. पण त्याच अंकाचे मुखपृष्ठ पाहून माझे शेजारी "वा, छान!" म्हणून मोकळे झाले होते. चूक ज्यांना दिसली, त्यांच्यासाठीच ते मुखपृष्ठ होते. तेव्हापासून माझे असे मत झाले आहे की, मुखपृष्ठ काहींना आत बोलावते तितक्याच ठामपणे इतरांना उंबऱ्याबाहेर ठेवते, आणि हे दुसरे काम करायला प्रकाशकाच्या अंगी धमक लागते.

अध्यक्ष मनगटाकडे पाहू लागले आहेत, तेव्हा ब्रिटन आता घाईने.

'केरँग!' 1981 साली निघाले. विजेच्या गिटारच्या तारांवर जोराने हात मारल्यावर उमटणारा आवाज हेच त्याचे नाव, आणि नावाची अक्षरे तडा गेलेल्या काचेसारखी. ज्याला हेवी मेटलचा गदारोळ सोसत नाही, त्याला ती अक्षरेच दुकानातून परस्पर वाटेला लावतात. 'स्मॅश हिट्स' 1978 पासून गाजत्या गाण्यांचे शब्द छापत असे. त्याचा ग्राहक शाळकरी वयाचा, म्हणून मुखपृष्ठावर भडक रंग आणि ताज्या चेहऱ्यांची गर्दी. याउलट 1993 साली निघालेल्या 'मोजो'ने पहिल्याच अंकावर बॉब डिलन आणि जॉन लेनन यांना आणले. लेननला जाऊन तेव्हा तेरा वर्षे होत आली होती. तारुण्यात घेतलेल्या तबकड्या अजून पुसून ठेवणारा, केस पिकू लागलेला माणूस त्यांना हवा होता आणि त्याला त्या दोन चेहऱ्यांखाली नावे वाचण्याची गरज नव्हती.

आणि 'न्यू म्युझिकल एक्सप्रेस'! 1952 पासून विकत घेतले जाणारे, गिटारवाल्या बँडांच्या चाहत्यांनी आपले मानलेले हे साप्ताहिक सप्टेंबर 2015 मध्ये फुकट वाटले जाऊ लागले आणि त्या पहिल्या फुकट अंकावर रिहाना होती. निवड चुकीची होती असे मी म्हणत नाही. जो अंक येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाच्या हातात द्यायचा, त्याच्या मुखपृष्ठाने कोणाला बाहेर ठेवायचे? मार्च 2018 मध्ये छापील साप्ताहिक बंद झाले. त्याला आर्थिक कारणे होती हे मला ठाऊक आहे, तरी माझा संशय मी सोडलेला नाही.

पडद्यावर दाखवायची मुखपृष्ठे तशीच राहिली. ती चहाच्या टेबलावर मांडून ठेवतो. पोस्टकार्डही आणले आहे, फक्त त्याला ओला हात लावू नये.