अलास्कातली बस आणि धडगावची कैरी

व्हिडिओत दगडांवर हे पांढरं पांढरं पसरलेलं दिसतंय ना, ते आमचूर आहे. म्हणजे अजून व्हायचंय, आत्ता नुसत्या कैरीच्या फोडी आहेत. मे महिन्यात सातपुड्यातल्या धडगावकडे वर चढून आलात की जिथे ऊन तिथे कैरी, खडकावर, कौलांवर, अंगणात.

गोष्ट मात्र अलास्कातली सांगायचीय, आणि ती मला इथेच बसून सांगायचीय.

२००७ ला शॉन पेनचा 'इन्टू द वाइल्ड' हा सिनेमा आला. मी तो खूप नंतर शहाद्याला कॉलेजच्या रूमवर मोबाईलमध्ये पाहिला आणि त्या रात्री झोपच लागली नाही. क्रिस्तोफर मॅकॅन्डलेस, खरा माणूस, खरी गोष्ट. १९९० ला ग्रॅज्युएट झाला, साठवलेले २४ हजार डॉलर दान करून टाकले, गाडी सोडून दिली, खिशातल्या नोटा जाळल्या, नावसुद्धा बदललं आणि एप्रिल १९९२ मध्ये तांदळाची पिशवी, रायफल आणि पुस्तकं घेऊन एकटा अलास्काच्या बर्फात शिरला. तिथे एक पडीक बस होती, १४२ नंबरची, तेच घर.

लोक त्याला वेडा म्हणतात. मला नाही पटत, सगळं सोडून जावंसं वाटणं मला आजही कळतं.

पण जूनमध्ये त्याने मूस मारलं, आपल्या सांबरापेक्षा कितीतरी मोठं जनावर, महिनोन्‌महिने पुरेल एवढं मांस, त्याने धूर देऊन टिकवायला बघितलं आणि सगळं सडलं, अळ्या पडल्या. तिकडचे शिकारी म्हणतात पातळ काप करून वाऱ्यावर वाळवायचं होतं.

आता या आजींचे हात बघा. सकाळपासून सोलणं आणि कापणं चालूय. मीही बसलो, भराभर चार कैऱ्या कापल्या. आजींनी माझी एक फोड उचलली, बोटांनी दाबली, बाजूला टाकली. "जाड झाली बाबा. आतून ओली राहते, मग काळी पडते." बस, एवढंच.

जुलैमध्ये मॅकॅन्डलेस परत निघाला होता, हे लक्षात घ्या, त्याला माणसांत यायचं होतं. पण येताना सहज ओलांडलेली टेकलानिका नदी आता फुगलेली. थोडं खाली दोरावरून हाताने ओढत पलीकडे जायचा पाळणा होता, पण त्याच्याकडे धड नकाशाच नव्हता आणि सांगायला काठावर कोणी नाही. सातपुड्यातले नालेही पावसात असेच फुगतात, पण इथे कोणीतरी ओरडून सांगतं, थांब रे, उतरेल पाणी.

तो बसमध्ये परत गेला. ऑगस्टमध्ये वारला. ६ सप्टेंबरला शिकाऱ्यांना सापडला तेव्हा वजन जेमतेम ३० किलो. पुढे ती बस बघायला जाणाऱ्या दोघी त्याच नदीत बुडाल्या, शेवटी जून २०२० मध्ये हेलिकॉप्टरने बसच उचलून नेली.

हा शॉट हललाय, माफ करा. अचानक ढग आले, थेंब पडायला लागले आणि सगळा पाडा फोडी गोळा करायला धावला. आजी माझ्यावर ओरडल्या, "ते ठेव खाली, टोपली धर!"